सॉरीचा आठवडा

क्लासच्या सरांनी सगळी इंग्रजी पहिल्या शब्दावर वाटून टाकली होती. एका आठवड्याला एक शब्द. ‘प्लीज’चा आठवडा असला की प्लीजनं सुरू होणारी वाक्यं घोकायची, ‘कॅन’चा असला की कॅनची. मध्येच कुणी दुसरं काही विचारलं, तर सर म्हणत, "तो शब्द अजून यायचाय." त्या शब्दांपलीकडे सरांना स्वतःला कितपत येत होतं, देव जाणे, टाय मात्र गळा आवळेपर्यंत बांधलेला.

वहिनीला हा माणूस मनातून दीडदमडीचा वाटे. तरी ती जात होती, कारण शर्टांच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा रिकामी होती आणि परदेशी गिऱ्हाइकाशी चार वाक्यं बोलेल त्या बाईलाच ती मिळणार होती. शेजारच्या मशीनवर तिची सख्खी नणंद कॉलर शिवायची, म्हणून ती अख्ख्या हॉलची वहिनी.

गिऱ्हाईक आलं ते नेमकं ‘सॉरी’च्या आठवड्यात. हातात धुतलेला शर्ट, कॉलरवर फुगेच फुगे. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते बकरम मॅनेजरनं स्वस्तातलं, भिकार आणलं होतं, हे हॉलमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. गिऱ्हाइकानं "व्हाय?" विचारलं. मॅनेजर शहाणा, पंख्याकडे बघू लागला. वहिनीच्या जिभेवर जे तयार होतं तेच बाहेर पडलं. "सॉरी फॉर द मिस्टेक. सॉरी फॉर अवर बॅड वर्क. सॉरी, वी विल डू इट अगेन." गिऱ्हाईक मान डोलवत होतं आणि तिला ते फार गोड लागत होतं.

"काय फर्डं बोलता हो वहिनी!" मॅनेजर म्हणाला. जागा तिला मिळाली. सरांनी निर्लज्जासारखा तिचा फोटो क्लासच्या दारावर चिकटवला.

सुट्टीच्या दिवशी सगळा हॉल कॉलरी उसवायला बसला, तोही फुकट, कारण काम वाईट होतं हे कामगारांतल्याच बाईनं कबूल केलं होतं. नवी सुपरवायझर मशिनींमधून फिरत नणंदेपाशी येऊन थांबली.

"बकरम कुणी आणलं, तुला माहीत होतं ना गं?" नणंदेनं मान वर न करता विचारलं.

"होतं गं. पण इंग्रजीत सांगता येईना."

"मग आपल्या भाषेत सांगायचंस. निदान मॅनेजरला तोंड लपवावं लागलं असतं."

नणंदेनं दातानं दोरा तोडला.

"आता सरक. उजेड अडवतेस."