बर्फात टिकलेले धागे

माझी नणंद माझ्याच प्रयोगशाळेत कामाला लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दोघी एकमेकींना सांभाळून घ्या." मी घेतही होते. त्या दुपारी मात्र पेशींच्या थाळ्या बर्फात ठेवलेल्या दिसल्या आणि माझा पारा चढला.

"अगं, काय करून ठेवलंस हे!"

"प्रथिनं बर्फातच ठेवतात ना, वहिनी?" तिचा चेहरा पडला.

ठेवतात, पण पेशीला आतून आधार देणाऱ्या सूक्ष्मनलिका थंडीत विरघळतात, आणि माझं सगळं काम त्यांच्यावरच. एक विकर, म्हणजे एन्झाइम, या नलिकांवर रासायनिक खूण करतं. खूण झालेल्या नलिका जरा चिवट असतात. माझं म्हणणं असं, की त्या विकराला एकट्याने धड उभंही राहता येत नाही. चॅपेरोन नावाची प्रथिनं त्याची नीट घडी बसवतात, तेव्हा कुठे ते कामाला लागतं. म्हणून एका थाळीत मी चॅपेरोन औषधाने बंद पाडले होते, दुसरीत चालू ठेवले होते. पण दोन्हीकडे सगळंच जाळं चमकायचं, त्यामुळे आजवर फरक इतका पुसट दिसायचा की आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या, "तुझ्या मनाचे खेळ." आज संध्याकाळपर्यंत स्पष्ट काही दिसलं नाही तर विषय बंद, असं त्यांनी बजावलं होतं.

"आता मॅडमना काय तोंड दाखवू?" मी थाळ्या टाकायला निघाले.

"बघून तरी टाक," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "किती वाया गेलंय ते तरी कळेल."

धुसफुसतच मी थाळ्यांतल्या काचांवरच्या नलिकांना रंग चढवला आणि त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. चॅपेरोन बंद असलेल्या पेशींत नुसता काळोख. आणि दुसऱ्या काचेवर हिरवे लखलखीत धागे! बाकीचं जाळं गारठून विरघळलं होतं. खूण झालेले तेवढे तग धरून होते. मी किंचाळलेच.

मॅडम धावत आल्या. त्यांना वाटलं, ॲसिड सांडलं. मग भिंगाला डोळा लावून त्यांनी दोन्ही काचा आलटूनपालटून पाहिल्या.

"एकदा दिसलं म्हणजे खरं ठरलं असं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण विषय चालू ठेव. बर्फाची युक्ती कुणाची?"

मागे दडलेल्या नणंदेला मी पुढे ओढलं.

"युक्ती कसली, मॅडम. चूक झाली माझ्याकडून."

"मग उद्या तीच चूक मुद्दाम कर. आणि वहिनीला मध्ये ओरडू देऊ नकोस."

मघापासून दाबलेलं रडू तिला आता फुटलं. मला इतका आनंद झाला होता की हातमोजे न काढताच मी तिला मिठी मारली, आणि मॅडम आम्हा दोघींवर ओरडल्या.