न पुसलेली वेळ

मित्रांनो, तळेघरच्या थांब्यावर खताची गोणी पांघरून उभी असलेली पाटी म्हणजे मीच. गाडीची वेळ सांगणारी. हसू नका, माझेही चांगले दिवस होते.

माझ्या पोटात मोहरीहूनही बारीक अशा लाखो कुप्या आहेत. प्रत्येकीत तेल आणि तेलात काळे-पांढरे कण. विजेचा हलका झटका मिळाला की हवे ते कण वर येतात आणि आकडे उमटतात. एकदा उमटले की वीज गेली तरी ते हलत नाहीत. याच गुणाची मला भारी घमेंड होती.

मला बसवलं गावच्याच सुभाषने. रोज सकाळी तो खांद्यावरच्या टॉवेलने माझं तोंड पुसायचा. वरच्या वाडीच्या गोजरबाईंना मोतीबिंदू. त्या म्हणायच्या, "मोबाइल उन्हात नुसता चमाकतो. हिचं आकडं मातर कागदावानी दिसत्यात." मला गहिवरून यायचं.

मग सुभाषच्या गोठ्याभोवती बिबट्या फिरू लागला. गोठ्यावर दिवा लावायला त्याने माझं सौर पॅनल आणि बॅटरी काढली. "दोन दिसांत आणून लावतो," म्हणाला. गुरं वाचायला हवीतच, मी नाही म्हणत नाही. पण आधी एक बटण दाबलं असतं, तर मी कोरी झाले असते. तेवढंही त्याने केलं नाही. माझ्यावर 'मंचर ९:१०' तसंच राहिलं. दोन दिवसांचे दोन महिने झाले. मधेच गाडीची वेळ बदलून आठ झाली. रोजची माणसं शहाणी झाली, पण गोजरबाई वाडीवरून क्वचितच उतरायच्या.

एके दिवशी साडेआठला त्या आल्या. मला वाचलं आणि सोबत आणलेली खताची रिकामी गोणी अंथरून निवांत बसल्या. दहा वाजता सुभाष दुधाची किटली घेऊन आला.

"मावशी, गाडी आठलाच गेली की."

"आरं, पाटी नऊ-धा सांगती."

"ती बंद हाय. बॅटरी मीच काढलीया."

"बंद हाय, तर बोलती कशी? आज मंचरला डोळ्याचं आपरेशन व्हतं माझं. आता म्होरली तारीख कवा मिळायची?"

गोजरबाई उठल्या आणि बुडाखालची गोणी माझ्यावर टाकली. "दुसरं कुणी फसाया नगं," एवढंच म्हणाल्या.

केसाने गळा कापला सुभाषने, खोटारडी ठरले मी. परवा त्या पुन्हा आल्या. माझ्याकडे पाठ करून त्यांनी शेजारच्या बाईला वेळ विचारली.

मित्रांनो, आम्हाला बंद करा, हवं तर मोडीत काढा. पण जाण्याआधी आमच्या तोंडचं शेवटचं वाक्य पुसून जा. आम्हाला ते स्वतः पुसता येत नाही. गोणीखाली माझ्यावर अजून ९:१० च आहे.