उत्तर गुरुवारी येईल

लोइस कुझमाच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नाही. तिथे बंदुकांचं दुकान होतं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं गाव. हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला की गिऱ्हाईक थेट अंगणात गाडी लावायचं, गॅरेजची बेल वाजवायचं आणि काम उरकून लोइसच्या हातचा केकही खाऊन जायचं. धंदा तिच्या नवऱ्याने, वॉल्टने उभा केलेला. पण दोन वर्षांपासून वॉल्टचं डोकं दगा देऊ लागलं, तसा सरकारी परवाना लोइसने आपल्या नावावर करून घेतला आणि तिजोरीची किल्ली गळ्यात बांधली. वॉल्ट कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बंदुकीची एखादी रिकामी नळी फडक्याने पुसत राहायचा.

त्या सोमवारी दुपारी एक जोडपं आलं. पुरुषाचं नाव ट्रॉय, बाईचं शेल्बी. शेल्बी वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत कामाला होती. पिस्तूल तिच्या नावावर घ्यायचं होतं, पण ते निवडलं ट्रॉयने, हातात तोलून पाहिलं ट्रॉयने. "एकटी असते ना घरी, भिते," असं तिच्या वतीने सांगितलंही त्यानेच. शेल्बीने पिस्तुलाकडे एकदाही पाहिलं नाही. ट्रॉयचा पंजा तिच्या मानेवर होता.

दुसऱ्यासाठी आपल्या नावावर हत्यार घेणं हा गुन्हा, आणि संशय आला तर विक्री नाकारणं हे दुकानदाराचं काम. लोइसने आजवर कितीतरी जणांना वाटेला लावलं होतं. पण आज तिची नजर त्या पंज्यावर खिळली. इथे नाही म्हटलं तर त्याचा राग घरी जाऊन कोणावर निघेल, हे सांगायला नको होतं. तिने ट्रॉयला सांगितलं की कागद भरताना खरेदी करणाऱ्याशिवाय कोणी थांबायचं नाही, कायदाच आहे. तो कुरकुरत बाहेर गेला आणि ट्रकमध्ये बसून खिडकीकडे पाहत राहिला.

"हे तुझ्यासाठी आहे का?" लोइसने हळूच विचारलं.

"हो," शेल्बी म्हणाली. मग ओठ न हलवल्यासारखं करून म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तरी मला त्याच्याबरोबरच घरी जायचंय."

लोइसने फोन उचलला, कुठलाच नंबर न लावता कानाला धरला. हत्यार विकण्याआधी गिऱ्हाइकाची सरकारी चौकशी फोनवरच करावी लागे; बाहेरून पाहणाऱ्याला तीच चालल्यासारखं वाटावं.

"ऐक पोरी. मी त्याला सांगते, वरून उत्तर आलंय, थांबा म्हणून. गुरुवारपर्यंत. परत तूच यायला हवंस, आणि तोंडावर एक ओरखडा जरी दिसला तरी मला पिस्तूल देता येणार नाही, असंही सांगते. तोवर तो तुला हात लावणार नाही."

"आणि मग?"

"मग तू इथे असायची नाहीस. उद्या लाँड्रीच्या मागच्या दाराशी बर्निस नावाची बाई गाडी घेऊन येईल. माझी बहीण. बसून जा."

कोपऱ्यात वॉल्ट नळी पुसत होता. त्याच्याकडे दोघींनी लक्ष दिलं नाही.

ट्रॉयने सगळं ऐकून घेतलं, लोइसकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि शेल्बीला घेऊन गेला.

बुधवारी सकाळी बर्निसचा ओहायोहून फोन आला. पोरगी पोचली होती, झोपली होती. दुपारी तोच ट्रक अंगणात येऊन उभा राहिला.

ट्रॉय उतरला नाही, नुसता बसून राहिला. लोइसने पोलिसांना फोन केला. जवळची गाडी यायला पाऊण तास लागेल म्हणाले. मग तिने गळ्यातली किल्ली काढली आणि तिजोरीतून वॉल्टची दुनळी घेतली. आयुष्यभर ती लोकांना बंदुका विकत आली होती, कशी धरायची ते शिकवत आली होती. आज काडतूस हातातून निसटून फ्रीझरखाली घरंगळलं. दुसरं कसंबसं भरलं. इतक्यात घराचं पुढचं दार कोणीतरी बुक्क्यांनी बडवलं. ती दाराआड दुनळी रोखून उभी राहिली. बडवणं थांबलं. आणि मग मागून, स्वयंपाकघरातून, वॉल्टचा आवाज आला.

"ये, ये. बूट राहू देत पायात."

वॉल्टने मागचं दार उघडलं होतं.

लोइस धावली. ट्रॉय टेबलाशी बसला होता, वॉल्ट त्याच्यापुढे कॉफी ओतत होता. वॉल्ट बरोबर मधे.

"खाली ठेवा ती, आजीबाई," ट्रॉय शांतपणे म्हणाला. "म्हातारा मधे आहे. शेल्बी कुठंय?"

"मला काय माहीत?"

"ती रडवेली पोरगी?" वॉल्टला कुठल्याशा गोष्टीत आपलीही मदत होतेय याचाच आनंद झाला. "तिला आपली बर्निस घेऊन गेली की."

ट्रॉयने कप खाली ठेवला. "बर्निस कोण?"

"हिची बहीण. कुठे राहते गं ती, लोइस?"

ट्रॉय आता तिच्याकडे पाहत नव्हता, वॉल्टकडे पाहत होता. गावाचं नाव वॉल्टच्या ओठांवर आलंच होतं.

"वॉल्ट," ती म्हणाली, "बर्निस गेली रे. आपणच नाही का तिला दफनभूमीत पोचवून आलो?"

वॉल्टचा चेहरा कोरा झाला. मग हळूहळू चुरगळला. "बर्निस? कधी? मला कोणी सांगितलं कसं नाही?" किटली टेबलावर टेकवून तो ओक्साबोक्शी रडू लागला, लहान मुलासारखा. ते रडणं खरं होतं. ट्रॉयलाही ते दिसलं. तो खुर्ची मागे सारून उठला.

"वेडा आहे हा," तो म्हणाला. "पण तुम्ही नाही. मी येईन परत."

पोलीस आले तेव्हा ट्रक कधीच निघून गेला होता. त्यांनी लिहून घेतलं, रात्री चक्कर मारू म्हणाले. पुढे शेल्बीने ओहायोच्या कोर्टातून त्याच्याविरुद्ध, जवळ फिरकू नये असा मनाईहुकूम मिळवला आणि तो मोडल्याबद्दल ट्रॉय तुरुंगात गेला. पण मधले आठवडे अंगणात कुठलीही गाडी वळली की लोइसच्या हातातली वस्तू पडायची. नाताळाआधीच तिने परवाना परत केला, माल शहरातल्या एका दुकानाला देऊन टाकला.

त्या बुधवारी पोलीस गेल्यावर तिने वॉल्टला पोटाशी धरलं, बर्निसला फोन लावून दिला. बहीण जिवंत आहे हे ऐकून तो हसला, तिच्याशी हरणांबद्दल बोलला. अंधार पडायच्या आत पुन्हा रडायला लागला.

मुलांची नावं तो विसरला, घराचा रस्ता विसरला, पुढे लोइसलाही ओळखेनासा झाला. बर्निस गेली, एवढंच त्याला आठवत राहिलं. रोज संध्याकाळी तो लोइसला, परक्या बाईला सांगावं तसं, ते सांगायचा, आणि लोइस त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, "हो, फार वाईट झालं."