दोन परवा आणि एक दुभाष्या

मी एक जुना दुभाष्या आहे, मित्रांनो. माणूस नव्हे, तळहाताएवढं यंत्र. एका वृद्धाश्रमात औषधांच्या कपाटाच्या खालच्या खणात पडून असतो. मला डोळे नाहीत, पण खण बंद असला तरी ऐकू सगळं येतं.

कारखान्यात माझ्या पोटात चाळीस भाषा भरल्या. बटण दाबून एकीत बोला, मी दुसरीत बोलतो. इथे मला आणलं ते एका आजींसाठी. त्या लग्न होऊन फिनलंडहून आल्या आणि जन्मभर इथलीच भाषा बोलल्या. पक्षाघाताने ती पुसून टाकली. उरली फक्त माहेरची, फिनिश.

त्यांची देखभाल करणाऱ्या ताईंनी मला एप्रनच्या खिशात ठेवलं. पाणी हवं का, पाय दुखतो का, सगळं माझ्यामार्फत. फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द. मी आपला अंदाजाने डॉक्टरांना 'तो' करायचो. एकदा डॉक्टरीणबाईंच्या समोरच "तो आज चिडलाय" म्हणालो आणि खोलीभर हशा पिकला. चूक हसण्यावारी गेली, मी मात्र शेफारलो.

ताईंना वाटे, आजींशी आपण स्वतः बोलावं. जेवणाच्या सुट्टीत त्या मला एकेक शब्द विचारून वहीत उतरवत. एके दिवशी म्हणाल्या, "परवा." आता आपला परवा गेलेलाही असतो आणि येणाराही. फिनिशमध्ये मात्र दोघांना वेगवेगळे शब्द आहेत. मी पुढचामागचा विचार न करता गेलेला परवा सांगितला: तोइस्सापॅइवॅनॅ. ताईंनी तो घोकून घोकून पाठ केला.

दुसऱ्याच दिवशी आजींनी विचारलं, "मुलगी?" मुलगी दूरगावी राहायची आणि दोन दिवसांनी येणार होती. ताईंनी मला खिशातून काढलंच नाही. ऐटीत म्हणाल्या, "तोइस्सापॅइवॅनॅ."

आजींनी तोच शब्द हळूच परत विचारला. ताई "हो, हो" म्हणाल्या. माझी चूक मला तेव्हा उमगली. पण बटण दाबल्याखेरीज मला तोंड नाही. चाळीस भाषा पोटात, आणि एक शब्द बाहेर काढता येईना.

रात्रंदिवस आजी फिनिशमध्ये पुटपुटत, "लेक येऊन गेली आणि मला आठवतही नाही. कुणाला कळलं तर वरच्या मजल्यावर, स्मृती गेलेल्यांच्या कुलूपबंद खोल्यांत नेतील." त्यांचं जेवण सुटलं. ताईंना वाटलं, रुसल्या. त्यांनी मला काढून विचारलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "काही नाही." मी तेवढंच इमानेइतबारे पोचवलं.

मुलगी आली तशा आजी रडू लागल्या. मागच्या खेपेला तू आलीस ते आठवत नाही, मला माफ कर, म्हणाल्या.

"आई, महिनाभर मी आलेच नाही गं."

मुलीला दोन्ही भाषा येत. आईला काय सांगितलं होतं, असं तिने ताईंना विचारलं, ताईंनी वही पुढे केली, आणि सगळा उलगडा झाला. "मीच त्यांना उपाशी ठेवलं," ताई म्हणाल्या.

आजींना खरं कळल्यावर त्यांनी आधी जेवण मागितलं. मग येणाऱ्या परवाचा शब्द, युलिहुओमेन्ना, ताईंकडून दहादा म्हणवून घेतला.

त्या दिवसापासून मी खणात आहे. ताई अजूनही चुकतात. आजी त्यांना तिथल्या तिथे सुधारतात, कधी रागावतात. मी आतून ऐकतो. मला असं कुणी कधी सुधारलं नाही.

मित्रांनो, मला फेकू नका. अडीनडीला जरूर हाताशी घ्या. पण माझ्याकडून घेतलेला शब्द त्या भाषेत वाढलेल्या माणसासमोर एकदा बोला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो मला दिसत नाही. तुम्हाला दिसतो.