पोलादाची उभी बाजू

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा पोलादाचा तुकडा आहे मी. माधवनगरच्या एका तपासणी प्रयोगशाळेत, खणात कोंडलेला. पूर्वी मी ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या एक्सलमध्ये होतो. मलकापूरजवळ एक्सल मोडला, ट्रॉली कलंडली आणि खापर फुटलं ट्रॅक्टर चालवणाऱ्या जोतीरामदादांवर. 'खड्ड्यात जोरात घातली,' म्हणून मालकाने त्यांना घरी बसवलं. ते खरं की खोटं, हे माझ्या पोटातल्या बारीक दाण्यांवरून, म्हणजे पोलाद ज्यांचं बनतं त्या स्फटिकांवरून, ठरणार होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख सयाजीसाहेब यांनी मला कापलं आणि बॅकेलाइट नावाच्या काळ्या, कडक प्लास्टिकमध्ये गच्च बसवलं. एक्सलची गोल सळई आडवी कापूनच बघायची, ही इथली जुनी सवय. तेवढी एक बाजू उघडी, बाकीचा मी काळोखात. जीव नुसता घुसमटत होता. त्यांच्या मदतनीस शिवांजलीताईंनी मला घासून लखलखीत केलं, आम्ल लावलं. सूक्ष्मदर्शकाखाली दाण्यांच्या सीमा शेताच्या बांधांसारख्या उमटल्या. ताईंनी एकेका दाण्याची लांबी-रुंदी मोजली. जवळजवळ सारखीच, म्हणजे दाणे चांगले गोल!

"झकास नमुना!" साहेब म्हणाले आणि 'पोलाद निर्दोष' असा अहवाल देऊन मोकळे झाले. कौतुक माझं झालं, पण मला लाज वाटली. माझं दुखणं लांबीच्या अंगाला होतं आणि ते अंग बॅकेलाइटमध्ये गाडलेलं होतं. ओरडायला मला तोंड कुठे?

महिन्याभराने जोतीरामदादा स्वतःच चौकशीला आले. ताईंनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर दाखवलेले दाणे पाहून म्हणाले, "ताई, ऊस बी आडवा कापला की गोलच दिसतोय. आतनं किडलाय का बघायला आमी उभा चिरतो. ह्यो उभा चिरून बघितलासा का?"

ताईंनी मला सूक्ष्मदर्शकाखालून काढलं. मग म्हणाल्या, "नाही दादा. चुकलंच आमचं."

त्यांनी बॅकेलाइट फोडलं, मला उभं चिरलं आणि ती बाजू वर करून पुन्हा बसवलं. आता सीमा ताणलेल्या दिसल्या, दाणे रुंदीच्या पाचपट लांब! ओढून लांबवलेली सळई नंतर भट्टीत तापवायची असते, नाहीतर ती ठिसूळ राहते आणि मोडते. बनवणाऱ्याने ती न तापवता तशीच विकली होती. साहेबांनी मान खाली घालून जुना अहवाल रद्द केला. दादा पुन्हा ट्रॅक्टरवर बसले.

मी मात्र पुरावा म्हणून या खणात. त्याचंही एवढं दुःख नाही. पण त्याच मालाचे आणखी एक्सल आज भरल्या उसाखाली रस्त्यावर धावताहेत, आणि ते कुणी तपासलेले नाहीत. त्यांच्या चालकांना मला इथून हाक मारता येत नाही. मित्रांनो, तेवढी तुम्ही मारा.