शिंप्याच्या लेकीला न दिसलेले आकडे

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण माझ्यात कुणी एक अक्षरही लिहिलेलं नाही. पानोपानी नुसते रंगीत ठिपके आणि त्यांत लपलेले आकडे. ज्याला रंग कळतात त्याला आकडे दिसतात. डोळ्यांच्या दवाखान्यात ड्रायव्हर, रंगारी, भरतीला निघालेली पोरं, सगळ्यांनी मला चाळलं. थोरले डॉक्टर माझं फार कौतुक करायचे. खरं सांगते, मी जरा चढूनच गेले होते.

एकदा शिंप्याची सात वर्षांची लेक आली. पहिल्या पानावरचा आकडा तिने वाचला. ते पान सगळ्यांनाच वाचता येतं. पुढे मात्र तिला नुसते ठिपके. मदतनीस घाईत होता. "रंगांधळेपण आहे, हे आईकडून येतं," म्हणून मोकळा झाला. मुलीच्या आजीने तेवढंच धरून ठेवलं. तीन महिन्यांनी सगळे पुन्हा आले, तेव्हा सुनेला माहेरी धाडायची भाषा चालू होती. सून खाली मान घालून बसलेली. मला फार वाईट वाटलं. आग माझ्याच पानांवरून लागली होती ना!

आता दवाखान्यात धाकट्या डॉक्टरीणबाई होत्या. मुलगी उजेडात डोळे मिटते, तिची बुबुळं थरथरतात, पडदा ओढला की तिला बरं वाटतं, हे त्यांनी पाहिलं. मग मला शिंप्याच्या हातात दिलं. त्याने धडाधड सगळे आकडे वाचले. बाई म्हणाल्या, मदतनिसाने सांगितलं ते रंगांधळेपण मुलीला असतं, तर ते बापाकडूनही आलेलं असतं, आणि पुरुषात ते बहुधा लपून राहत नाही. हे काहीतरी वेगळंच आहे. तिघांचं रक्त तपासायला गेलं. तो महिना माझा कसा गेला, विचारू नका!

अहवाल आला. बाईंनी समजावलं, की शरीर घडवायच्या बहुतेक सूचनांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या सूचनेची एक प्रत बिघडली तरी दुसरी निभावून नेते, म्हणून आईबापांना पत्ताही नसतो. लेकीला नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या. त्या पेशी कामच करत नाहीत. तिला जग काळं, पांढरं आणि करडं दिसतं.

"म्हणजे सुनेचंच ना?" आजीने विचारलं.

शिंपी एरवी आईपुढे तोंड उघडत नसे. आज म्हणाला, "अर्धं तिचं, अर्धं माझं, आई. आणि माझं बहुतेक तुझ्याकडून, नाहीतर बाबांकडून आलेलं."

 आजीने बाही वर सरकवून हात पुढे केला. बाई म्हणाल्या, आजी, तुमचं रक्त तपासायची गरज नाही.

"नाही कशी? तीन महिने हिला बोलले. कुणाला बोलत होते, ते मलाही कळू दे."

सुनेने पहिल्यांदाच मान वर केली.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, माझे रंग उडतात. आणि माझ्यावर नको तेवढा भरवसाही टाकू नका. आकडा दिसला की नाही, एवढंच मी सांगते. दोष कुणाचा, हे माझ्या एकाही पानावर छापलेलं नाही.