वेदीला लागलेले टाके

शेवटच्या टाक्याला गाठ मारून शिंपीणबाईंनी दोरा दातांनी तोडला, "झालं, फादर," म्हटलं आणि लगबगीने उठायला गेल्या. त्यांच्याबरोबर वेदीवरचं पांढरं कापडही उठलं. दोन पितळी मेणबत्तीदाण्या डुगडुगल्या. म्हाताऱ्या फादरांनी धावत येऊन एक छातीशी धरली. दुसरी पोटाने अडवली.

बाईंनी खाली पाहिलं. तिथली फरशी एका अंगाला उतरती, म्हणून कापड दोन्हीकडे सारखं लोंबावं तर त्याचा काठ ते वेदीवर अंथरूनच दुमडून शिवावा लागे. जमिनीवर बसून, काठ मांडीवर घेऊन. मध्येच डोळा लागला असणार. हात मात्र थांबले नव्हते. वीतभर काठ त्यांच्या झग्याला पक्का शिवला गेला होता.

"इतकं सुबक," फादर वाकून म्हणाले, "की मला वाटलं, असंच असतं."

"थट्टा नको, फादर. घरी शाळेचे एकोणीस गणवेश पडलेत. सोमवारी शाळा उघडते."

तीन आठवडे बाईंची पाठ धड अंथरुणाला लागली नव्हती. सुई पुढे, दोरा मागे, आणि दोऱ्यामागे फरफटत त्या. काल सुई बोटात शिरली, ते कापडावर डाग पडल्यावर कळलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दर रविवारी फादर सांगत, ओझ्याने वाकलात तर प्रभूपाशी टेका. आणि दर रविवारी बाई फादरांच्या अंगरख्याची उसवलेली बाही बघत बसत.

"'जरा टेका' असं त्याचं बोलावणं येऊन किती दिवस झाले, लेकी?"

"कोणाचं?"

फादरांनी नुसतं क्रुसाकडे पाहिलं.

"त्याला म्हणावं, गणवेश झाले की येते."

"सांगितलं मी. म्हणूनच धरून ठेवलेलं दिसतंय."

बाईंनी झगा ओढून पाहिला. कापड फाटेल पण टाका सुटणार नाही, असं त्यांच्या शिलाईचं नाव होतं. आज ते नडलं.

"कात्री आणा. माझी घरी नणंदेकडे राहिली."

"आणतो. पण मला वस्तू लवकर सापडत नाहीत."

फादर आत गेले. बाई परत खाली बसल्या. हातांना काहीच काम नव्हतं. ते मांडीवर उताणे पडले, परक्याचे असावेत तसे.

"बोल आता," त्या क्रुसाकडे न बघताच म्हणाल्या. "मी कुठे जातेय."

वेदीचं लाकूड दुपारच्या उन्हाने कोमट झालं होतं. बाईंनी त्यावर डोकं टेकलं. जरासंच.

जाग आली ती दारातल्या कुजबुजीने. पापणीच्या फटीतून पाहिलं, तर नणंद उभी.

"फादर, वहिनी अशा का बसल्यात?"

"शिवल्या गेल्यात. कात्री शोधतोय."

"ही घ्या की." नणंदेने पिशवीतून काढली.

फादरांनी पाठीमागचा हात पुढे केला. त्यात कात्री होती.

"पहिल्याच खणात सापडली," ते ओशाळून म्हणाले.

नणंदेने वेदीला टेकलेल्या वहिनीकडे पाहिलं. मग तिने आपली कात्री पिशवीत टाकली.

"शोधा सावकाश. मी गणवेशांची बटणं लावायला घेते. एरवी हात लावू देत नाहीत."

चपला हातात घेऊन ती अनवाणी पायऱ्या उतरली.

'दोन बोटांचं अंतर ठेव, वाकडी लावशील,' असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी तिथेच राहू दिलं, आणि डोळे नीट मिटले.